खेळाडू ते प्रशिक्षक : एका खडतर वाटेचा हिशेब

- क्रीडा प्रतिनिधी

फुटबॉलला उत्तम प्रशिक्षक पुरवणारा देश अशी स्कॉटलंडची ख्याती जुनी आहे. मँचेस्टर युनायटेडचे मॅट बस्बी, लिव्हरपूलचे बिल शँक्ली आणि सेल्टिकचे जॉक स्टीन हे तिघेही लॅनर्कशायर आणि आयर्शायर या परगण्यांतील खाणकामगारांच्या वस्त्यांतून पुढे आले. स्टीन यांच्या सेल्टिकने १९६७ मध्ये, तर बस्बी यांच्या युनायटेडने १९६८ मध्ये युरोपियन चषक जिंकला. ग्लासगोच्या गोव्हन भागात वाढलेल्या ॲलेक्स फर्ग्युसन यांनी ही परंपरा एकविसाव्या शतकात आणून पोहोचवली. हे चौघेही आधी खेळाडू होते आणि खेळणे थांबल्यावर प्रशिक्षणाकडे वळले. त्यात कोणाला काही नवल वाटले नाही. खेळाडूने बूट खुंटीला टांगावेत आणि दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे राहावे, हा तेथील रिवाजच होता.

हा रिवाज पुरुषांपुरताच होता, हे मात्र फारसे कोणी बोलून दाखवत नसे. त्याच देशाच्या महिला संघाकडून ५९ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या शेली कर यांना राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदापर्यंत पोहोचण्यासाठी जी वाट चालावी लागली, ती पाहिली म्हणजे या दोन जगांतील अंतर लक्षात येते. कर यांनी २०१७ मध्ये सूत्रे स्वीकारली, २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या महिलांना पहिल्यांदा विश्वचषकाच्या मैदानावर नेले आणि डिसेंबर २०२० मध्ये पद सोडले. उण्यापुऱ्या सव्वातीन वर्षांची ही कारकीर्द. तिचे मूल्यमापन बहुतेक वेळा पॅरिसमधील एका सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांवरून होते. त्या वीस मिनिटांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. कर यांच्यानंतर त्या वाटेने स्कॉटलंडची दुसरी माजी खेळाडू राष्ट्रीय संघाच्या मुख्य पदापर्यंत का आली नाही?

नकारातून सुरुवात

कर यांचा जन्म १९६९ चा. त्या काळी स्कॉटिश फुटबॉल संघटनेच्या लेखी महिला फुटबॉल अस्तित्वातच नव्हते. महिलांचे फुटबॉल सदस्य देशांच्या संघटनांनी आपल्या कक्षेत घ्यावे, असा ठराव युरोपीय महासंघाने १९७१ मध्ये मतास टाकला, तेव्हा विरोधात मत देणारा स्कॉटलंड हा एकमेव देश होता. पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९७२ रोजी ग्रीनॉक येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या महिलांची पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय लढत झाली. इंग्लंडने ती ३-२ अशी जिंकली. त्या स्कॉटिश चमूला देशाच्या संघटनेचा पाठिंबा नव्हता. संघटनेने महिला फुटबॉलला मान्यता दिली ती १९७४ मध्ये, आणि १९७२ च्या त्या खेळाडूंना मानाची आंतरराष्ट्रीय टोपी मिळाली ती थेट २०१९ मध्ये. रोझ रीली यांच्यासारखी असामान्य खेळाडू या काळात देश सोडून इटलीत गेली. पुढे त्या इटलीच्या राष्ट्रीय संघातूनही खेळल्या. ज्या देशाने आपल्या सर्वोत्तम खेळाडूला दुसऱ्या देशाची जर्सी घालण्याची वेळ आणली, त्या देशात महिला प्रशिक्षक घडवण्याचा विचार कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते.

कर यांची खेळाडू म्हणून कारकीर्द १९८९ ते २००८ या काळात पसरलेली आहे. बचावफळीत खेळणाऱ्या कर यांनी किल्मार्नोक, हिबर्नियन, स्पार्टन्स आणि इंग्लंडमधील डॉनकॅस्टर बेल्स अशा संघांचे प्रतिनिधित्व केले आणि देशाचे नेतृत्वही केले. त्या काळी स्कॉटलंडमध्ये महिलांची व्यावसायिक लीग नव्हती. फुटबॉलवर पोट भरणे शक्य नसल्याने खेळाडूंना अर्थार्जन अन्यत्र शोधावे लागे. सराव संध्याकाळी आणि सामने सुटीच्या दिवशी. पुरुष खेळाडू निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाती बचत असते, ओळखी असतात आणि त्याचे नाव घेणारे क्लब असतात. महिला खेळाडू निवृत्त होई तेव्हा यांपैकी बहुतेक गोष्टी तिच्याकडे नसत. प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा तिने कोठून आणायचा, याचे उत्तर कोणत्याही संघटनेच्या नियमावलीत नव्हते.

आर्सेनलची कसोटी

कर यांनी हा टप्पा ओलांडला तो राष्ट्रीय संघटनेतूनच. २००९ मध्ये त्यांच्याकडे स्कॉटलंडच्या १९ वर्षांखालील मुलींच्या संघाची जबाबदारी आली. वरिष्ठ संघाच्या प्रशिक्षक त्या वेळी स्वीडनच्या ॲना सिग्नूल होत्या. पदोपदी परीक्षा देत कर यांनी युरोपीय महासंघाचा 'प्रो' हा सर्वोच्च परवानाही मिळवला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबने आपला महिला संघ त्यांच्या हाती सोपवला. वरकरणी हे सुखाचे आसन होते. प्रत्यक्षात ते काटेरी होते, कारण आर्सेनलच्या महिलांनी २००४ पासून एकदाही इंग्लंडचे विजेतेपद सोडले नव्हते. नव्या प्रशिक्षकाने काहीही केले तरी त्याची तुलना त्या अखंड मालिकेशी होणार होती. झालेही तसेच. २०१३ मध्ये लिव्हरपूलने लीग जिंकली आणि आर्सेनलची सद्दी संपली. मात्र त्याच वर्षी कर यांच्या संघाने ब्रिस्टल अकादमीला ३-० असे हरवून 'एफए' चषक जिंकला, लीग चषकही पटकावला आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. १ जून २०१४ रोजी एव्हर्टनला २-० असे नमवून 'एफए' चषक पुन्हा आर्सेनलकडे आला. या लढतीनंतर कर यांनी क्लबचा निरोप घेतला.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. २०१४ मध्ये इंग्लंडच्या महिला सुपर लीगच्या वरच्या गटात अवघे आठ संघ होते. म्हणजेच आर्सेनल सोडणाऱ्या महिला प्रशिक्षकासाठी त्या तोडीची उरलेली पदे जेमतेम सात, आणि त्यांसाठी पुरुष प्रशिक्षकही रांगेत उभे. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये एका क्लबातून बाहेर पडलेला प्रशिक्षक महिनाभरात दुसऱ्या क्लबात दिसतो, कारण तेथे दारेच अनेक आहेत. महिला प्रशिक्षकाला त्या वेळी नवे दार शोधण्यापेक्षा ते बांधूनच घ्यावे लागे.

पुरुषांच्या संघात

कर यांनी नेमके तेच केले. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी स्टर्लिंग विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. हा संघ स्कॉटिश फुटबॉलच्या पाचव्या पायरीवरील लोलँड लीगमध्ये खेळत असे. ब्रिटनमध्ये वरिष्ठ पुरुष संघाची धुरा महिलेकडे येण्याची ही पहिलीच वेळ असल्याने वृत्तपत्रांतून मोठमोठे मथळे सजले. तीन वर्षे कर यांनी तेथे विद्यार्थी खेळाडूंसमवेत काम केले. मथळे विरले तरी त्या दर आठवड्याला संघ निवडत होत्या, प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करीत होत्या आणि पराभवानंतर पत्रकारांना सामोऱ्या जात होत्या. प्रशिक्षक घडतो तो अशाच रोजच्या कामातून.

योगायोग असा, की त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लेरमाँ या द्वितीय श्रेणीच्या पुरुष संघाने कोरिन डियाक्र यांना प्रशिक्षक नेमले. डियाक्रही माजी बचावपटू आणि राष्ट्रीय संघाच्या माजी कर्णधार. २०१७ मध्ये कर स्कॉटलंडच्या, तर डियाक्र फ्रान्सच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. राष्ट्रीय महिला संघाचे पद मिळण्याआधी दोघींनाही पुरुष संघात स्वतःला सिद्ध करावे लागले. याउलट, महिला संघाचे पद मिळवण्यासाठी पुरुष प्रशिक्षकाला आधी महिला संघात काम केल्याचा दाखला द्यावा लागतो काय?

या प्रश्नाचे उत्तर ९ जून २०१९ रोजी नीस येथे मिळाले. विश्वचषकाच्या पहिल्याच लढतीत इंग्लंड आणि स्कॉटलंड समोरासमोर होते. इंग्लंडचे प्रशिक्षक फिल नेव्हिल हे देशाकडून ५९ सामने खेळलेले. स्कॉटलंडच्या प्रशिक्षक कर, त्यांचेही सामने ५९. आकडा तोच, पण त्यापुढची वाट निराळी. नेव्हिल यांनी मँचेस्टर युनायटेड आणि व्हॅलेन्सिया येथे सहायक म्हणून काम केले होते. मात्र जानेवारी २०१८ मध्ये इंग्लंडच्या महिला संघावर नियुक्ती झाली तेव्हा त्यांनी कोणत्याही वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद कायमस्वरूपी भूषवलेले नव्हते आणि महिला संघाचा अनुभव तर मुळीच नव्हता. कर यांच्यामागे कनिष्ठ राष्ट्रीय संघ, आर्सेनलचे तीन चषक आणि पुरुष संघाची तीन वर्षे होती. नेव्हिल यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या संघाने ती लढत २-१ अशी जिंकली आणि स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. प्रश्न आहे तो दोघांसाठी लावलेल्या मापदंडांचा.

पॅरिसची ती वीस मिनिटे

कर यांनी सिग्नूल यांच्याकडून सूत्रे घेतली तेव्हा संघ नुकताच २०१७ ची युरो स्पर्धा खेळून परतला होता. ती त्यांची पहिलीच मोठी स्पर्धा. इंग्लंडकडून ०-६ असा मार बसला, तरी स्पेनला १-० असे हरवून संघाने थोडी पत राखली होती. त्यानंतरच्या विश्वचषक पात्रता फेरीत स्वित्झर्लंडने स्कॉटलंडला घरच्या मैदानावर हरवले, पण ३० ऑगस्ट २०१८ रोजी पेस्ली येथे स्कॉटलंडने २-१ अशी परतफेड केली. शेवटच्या फेरीत स्कॉटलंडने अल्बेनियाला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवले. जेन रॉसचा गोल निर्णायक ठरला. त्याच वेळी पोलंडने स्वित्झर्लंडला बरोबरीत रोखले आणि स्कॉटलंडचे तिकीट पक्के झाले. १९९८ नंतर स्कॉटलंडचा वरिष्ठ संघ, पुरुषांचा वा महिलांचा, पहिल्यांदाच विश्वचषकास निघाला होता.

रवाना होण्यापूर्वी २८ मे २०१९ रोजी हॅम्पडन पार्कवर जमैकाविरुद्ध झालेल्या मैत्रीपूर्ण लढतीला १८,५५५ प्रेक्षक आले. स्कॉटलंडच्या महिला संघाच्या घरच्या सामन्यासाठी तोवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. अर्धवेळ खेळणाऱ्या मुलींना स्पर्धेपूर्वी पूर्णवेळ सराव करता यावा म्हणून स्कॉटिश सरकारने निधी दिला होता. या एका तपशिलावरून संघाची आर्थिक स्थिती काय होती, हे समजून येते.

इंग्लंड आणि जपान यांच्याकडून स्कॉटलंड प्रत्येकी १-२ असे हरले. १९ जून रोजी पॅरिसच्या पार्क द प्रिन्सवर अर्जेंटिनाविरुद्ध किम लिटल, जेनिफर बीटी आणि एरिन कथबर्ट यांच्या गोलांनी ६९ व्या मिनिटाला ३-० अशी आघाडी मिळाली. बाद फेरी दृष्टिपथात होती. ७४ व्या आणि ७९ व्या मिनिटाला अर्जेंटिनाने दोन गोल फेडले. अखेरच्या क्षणी व्हिडिओ पंचांच्या सल्ल्याने पेनल्टी दिली गेली. गोलरक्षक ली अलेक्झांडरने ती अडवली. पण तिचे पाय गोलरेषा सोडून पुढे आल्याचे कारण देत पेनल्टी पुन्हा घेण्यास सांगण्यात आले. गोलरक्षकाचा निदान एक पाय रेषेवर असावा, हा सुधारित नियम त्याच महिन्यापासून अमलात आला होता. दुसऱ्या प्रयत्नात फ्लोरेन्सिया बोन्सेगुन्दोने गोल केला आणि ३-३ अशा बरोबरीने दोन्ही संघ बाहेर पडले.

स्कॉटलंडने तो सामना ३-२ असा जरी जिंकला असता, तरी तिसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्तम संघांत त्यांना स्थान मिळाले असते. नियमाला दोष देता येतो, पण सारा दोष नियमाचा नाही. तीन गोलांची आघाडी वीस मिनिटे राखता न येणे हे संघाचे आणि प्रशिक्षकाचेही अपयश होय. पुढच्या युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीतही हेच दिसले. २०२० च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात फिनलंडने दोनदा आणि पोर्तुगालने एकदा स्कॉटलंडला हरवले, तिन्ही वेळा ०-१ असे. कथबर्ट आणि लिटल यांच्यासारख्या खेळाडू असलेल्या संघाला तीन निर्णायक सामन्यांत एकही गोल करता येऊ नये, याचा जाब प्रशिक्षकाला द्यावाच लागतो. विशेष म्हणजे फिनलंडच्या प्रशिक्षक होत्या त्याच ॲना सिग्नूल. कर यांनी डिसेंबरअखेर पद सोडले.

नंतर काय?

खरी परीक्षा येथून सुरू होते, आणि ती संघटनेची. कर यांच्यानंतर काही काळ हंगामी व्यवस्था झाली आणि जुलै २०२१ मध्ये स्पेनचे पेद्रो मार्टिनेझ लोसा यांची नियुक्ती झाली. कर यांनी २०१४ मध्ये आर्सेनल सोडल्यावर तेथेही त्यांचीच वर्णी लागली होती. मार्टिनेझ लोसा यांच्या काळात स्कॉटलंडला २०२३ चा विश्वचषक गाठता आला नाही आणि २०२५ ची युरो स्पर्धाही हुकली. या दुसऱ्या स्पर्धेच्या दारात पुन्हा फिनलंडनेच वाट अडवली. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मेलिसा ॲन्ड्रियाटा आल्या. परदेशी प्रशिक्षक असण्यात गैर काहीच नाही. स्कॉटलंडच्या महिला फुटबॉलची घडी बसवण्यात सिग्नूल यांचा वाटा मोठा होता. परंतु ज्या देशाच्या महिला खेळाडूंनी शंभराहून अधिक सामने खेळल्याची उदाहरणे आहेत, त्या देशात कर यांच्या पंगतीला बसणारी दुसरी माजी खेळाडू राष्ट्रीय पदावर दिसू नये, हे खटकणारे आहे.

गुणवत्तेची वाण आहे, असे म्हणावे तर तेही खरे नाही. माजी कर्णधार लिअन रॉस यांनी ग्लासगो सिटीची धुरा घेतली आणि २०२३ मध्ये क्लबला लीगचे विजेतेपद मिळवून दिले. उणीव आहे ती पायऱ्यांची. मैदानातून निवृत्त होणाऱ्या खेळाडूला परवान्याचा खर्च, सहायक म्हणून दोन-तीन वर्षे पगारी काम आणि अपयशानंतर दुसरी संधी या तीन गोष्टी मिळाल्या तर ती प्रशिक्षक होते. यांतील एक जरी निखळली तर ती शाळेत क्रीडाशिक्षिका होते किंवा फुटबॉलपासून दूर जाते. समान वेतन आणि सुविधांसाठी स्कॉटलंडच्या खेळाडूंना २०२२ मध्ये स्वतःच्याच संघटनेविरुद्ध कायदेशीर मार्ग धरावा लागला आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. जेथे खेळत असतानाच हक्कांसाठी झगडावे लागते, तेथे खेळ संपल्यानंतरची तरतूद कोण करणार?

महिला प्रशिक्षकांवर भरवसा ठेवणे हा उपकार नव्हे, हे आकडे सांगतात. १९९७ पासून २०२५ पर्यंत झालेल्या प्रत्येक महिला युरो स्पर्धेतील विजेत्या संघाची प्रशिक्षक महिला होती : जर्मनीच्या टीना थ्यून आणि सिल्व्हिया नाइड, त्यानंतर नेदरलँड्स व इंग्लंडला विजेतेपद मिळवून देणाऱ्या सरिना विगमन. २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक अमेरिकेने जिल एलिस यांच्या मार्गदर्शनाखाली जिंकले. असे असूनही २०१९ च्या विश्वचषकातील २४ संघांपैकी केवळ नऊ संघांच्या प्रशिक्षक महिला होत्या. २०२३ मध्ये हे प्रमाण ३२ पैकी १२ इतकेच होते. अर्थात महिला असणे ही यशाची हमी नाही. डियाक्र यांच्याविरुद्ध खेळाडूंनीच बंड पुकारले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. प्रशिक्षक म्हणून चुकण्याची आणि त्यातून शिकण्याची मुभा पुरुषांना असते, तीच महिलांनाही असावी, एवढेच मागणे आहे.

आपल्याकडचे चित्र

भारतीय वाचकांना हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या बाला देवीने ग्लासगोच्या रेंजर्सशी करार केला, तेव्हा युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचे कौतुक झाले. ती ज्या लीगमध्ये खेळायला गेली, ती कर यांच्या पिढीने पदरमोड करून उभी केलेली होती. आणि कर स्कॉटलंडच्या प्रशिक्षक होत्या, साधारण त्याच काळात, म्हणजे २०१७ ते २०२१ दरम्यान, भारतीय महिला संघाची धुरा गोव्याकडून खेळलेल्या मेमोल रॉकी या माजी खेळाडूकडे होती. २०२१ मध्ये त्या पदावरून दूर झाल्यावर स्वीडनचे थॉमस डेनरबी आले. २०२२ च्या प्रारंभी मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झालेल्या आशियाई चषकात भारतीय संघ उतरला तो त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. करोनाच्या प्रादुर्भावामुळे यजमानांना ती स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली, हे मुंबईकर क्रीडारसिकांच्या स्मरणात असेल. देश बदलले तरी क्रम तोच राहिला : देशी माजी खेळाडू, अपुरे यश आणि मग परदेशी पुरुष प्रशिक्षक. रॉकी यांच्या अनुभवाचा पुढच्या पिढीतील प्रशिक्षक घडवण्यासाठी आपण कसा उपयोग केला, हा प्रश्न येथेही विचारायला हवा.

पुढील महिला विश्वचषक २०२७ मध्ये ब्राझीलला आहे. २०३५ च्या स्पर्धेसाठी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनी संयुक्त प्रस्ताव मांडला आहे. मैदाने, हॉटेले आणि वाहतूक यांचे आराखडे अशा प्रस्तावांत तपशीलवार असतात. त्या वर्षी स्कॉटलंडच्या संघाच्या बाकावर कोण बसलेले असेल, याचा आराखडा मात्र आजच करावा लागेल, कारण परवाना, सहायकपद आणि कनिष्ठ संघ या पायऱ्या चढायला कर यांना २००९ ते २०१७ अशी आठ वर्षे लागली होती. आज राष्ट्रीय संघातून खेळणाऱ्या तिशीतल्या मुलींपैकी निदान चौघी-पाचजणींना संघटनेने आतापासून प्रशिक्षणाच्या वाटेवर आणले आणि त्या काळात त्यांच्या पोटापाण्याची सोय केली, तर ही आठ वर्षे पाचवर येऊ शकतील. कर यांनी एकटीने काढलेली पायवाट रुंद करणे आता संघटनेच्या हाती आहे.